अँबेसेडरच्या इंजिनाचा आवाज: झाकण उघडण्याआधी काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

जुनी गाडी बाळगणाऱ्यांकडून होणारी चूक जवळजवळ ठरलेली असते. इंजिनात टकटक ऐकू आली की गाडी गॅरेजला जाते, मेस्त्री रॉकरचं (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफांवरचं) झाकण उघडतो, टॅपिट आवळतो, म्हणजे व्हॉल्व्हची फट कमी करतो. आवाज तसाच राहतो. मग डबल आवळतो. त्यानंतर "साहेब, हाफ इंजिन करावं लागेल" (म्हणजे इंजिन खोलून निम्मी दुरुस्ती) हे वाक्य येतं आणि घरात बजेटवर चर्चा सुरू होते.

माझ्या गाडीचं हाफ इंजिन असंच ठरलं होतं. दिवससुद्धा ठरला होता. आदल्या रात्री सहज फॅन बेल्ट काढून गाडी चालू केली आणि आवाज गायब! डायनॅमोच्या पुलीची चावी झिजली होती, नट ढिला होता, आणि पुली शाफ्टवर ठोके देत होती. बिल आलं चावीचं आणि एका वॉशरचं.

म्हणून या लेखाचा भर आवाजाच्या वर्णनापेक्षा क्रमावर आहे. कोणता आवाज कशाचा, याच्या याद्या सगळ्यांना पाठ असतात. पण चुकीच्या क्रमाने गेलं की बरोबर यादीही चुकीचं उत्तर देते.

पुढचं सगळं बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाबद्दल आहे, म्हणजे हँडल मारून फिरवता येणारं, पुशरॉडचं जुनं इंजिन. पद्मिनीवाल्यांनी हाच क्रम धरावा, आकडे मात्र आपल्या मॅन्युअलमधून घ्यावेत. इसुझू १८०० बसवलेल्या गाड्यांत कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) वर हेडमध्ये असतो, त्यामुळे टॅपिटचा भाग त्यांना जसाच्या तसा लागू नाही.

तयारी

लागणाऱ्या वस्तू: लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर किंवा मेकॅनिकचा स्टेथोस्कोप, हातभर रबरी नळी, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), टॉर्च, वही, एक जुना पण चालू स्पार्क प्लग, आणि शक्य असेल तर ऑइल प्रेशर गेज. टायमिंग लाइट (प्लगच्या ठिणगीबरोबर चमकणारी) मिळाली तर उत्तम. मोबाइलवर आवाज जरूर रेकॉर्ड करा, पण नंतर तुलना करण्यापुरताच. फोनचा माईक खालचे, जड आवाज गिळतो आणि टिकटिक मोठी करून दाखवतो. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या क्लिपवरून "बेअरिंग गेलं" असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, तो कितीही अनुभवी असो.

गाडी सपाट जागी, मोकळ्या हवेत उभी करा. हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा.

सावधान: बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून ऐकत बसू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ओढणी, मफलर, गळ्यातली साखळी, सैल बाह्या, हातातलं घड्याळ हे सगळं पंख्यापासून लांब. वाकून कान लावायचा असल्याने ही सूचना इथे जास्तच लागू आहे.

१. आधी "कधी" लिहून काढा

आवाज "कसा" येतो याचं वर्णन माणसागणिक बदलतं. एकाची खडखड ती दुसऱ्याची ठकठक. "कधी" येतो हे मात्र बदलत नाही. बॉनेट न उघडता दोन दिवस गाडी चालवा (ऑइलचा दिवा लागत नसेल तरच) आणि वहीत उत्तरं लिहा:

- सकाळी थंड इंजिनावर जास्त, की अर्ध्या तासाने गरम झाल्यावर?
- न्यूट्रलमध्ये आयडलला, की ॲक्सिलरेटर दिल्यावर?
- चढावर लोडखाली, की उतारावर पाय काढल्यावर?
- क्लच दाबला की बदलतो का?
- गाडी उभी असताना येतो का, की फक्त चालताना?

शेवटच्या प्रश्नावर बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. उभ्या गाडीत न्यूट्रलला रेस वाढवली तरी जो आवाज येत नाही आणि रस्त्यावर वेगाबरोबर वाढतो, तो बहुधा इंजिनाचा नाहीच. प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस, डिफरन्शियल, व्हील बेअरिंग, तिकडे जा.

क्लचचा प्रश्नही नीट विचारा. दाबल्यावर घरघर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. न्यूट्रलमध्ये असलेली घरघर दाबल्यावर थांबत असेल तर गिअरबॉक्सचं बेअरिंग. पण जड ठोका क्लच दाबल्यावर बदलत किंवा थांबत असेल, तर क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) थ्रस्ट वॉशरचा, म्हणजे त्याला मागेपुढे सरकू न देणाऱ्या वॉशरचा, संशय धरा, कारण क्लच दाबला की क्रँक पुढे ढकलला जातो आणि त्याची मोकळीक भरून निघते. हे लिहून ठेवा, शेवटच्या टप्प्यात लागेल.

२. तेल

गाडी सपाट जागी रात्रभर उभी असताना सकाळी डिपस्टिक बघा. पुसा, पुन्हा घाला, पुन्हा बघा. पातळी कमी असेल तर आवाजाचं निदान तिथेच थांबवा, तेल भरा आणि मग पुन्हा ऐका. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. बोटाला पेट्रोलचा वास आला तर पंपाचा पडदा फाटून किंवा चोक अडकून पेट्रोल चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत) उतरतंय. असं पातळ झालेलं तेल बेअरिंगला वाचवत नाही, आणि मग चांगलं इंजिनही वाजतं.

ऑइलचा दिवा विझला म्हणजे प्रेशर चांगलं आहे असं नाही. तो दिवा प्रेशर अगदीच तळाला गेल्यावर पेटतो. दिव्याच्या स्विचच्या जागी गेज जोडून गरम इंजिनावर आकडा बघा. निरोगी इंजिन रस्त्यावरच्या वेगाला साधारण ५० पीएसआय दाखवतं आणि आयडलला १५ च्या आसपास. आयडलला सुई शून्याकडे झुकत असेल आणि सोबत जड ठोके असतील तर पुढचे टप्पे इंजिन चालू ठेवून करू नका, थेट टप्पा ८ वर जा.

नेहमीची चूक: आवाज दाबण्यासाठी जाड तेल किंवा बाटलीतलं "ट्रीटमेंट" ओतणं. गाडी विकायची असेल तर ही युक्ती चालते (आणि विकत घेणाऱ्याने म्हणूनच थंड इंजिन चालू करून ऐकावं), निदान करायचं असेल तर नाही. आवाज लपला की खूण गेली. २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० यातलं जे नेहमी घालता तेच ताजं घाला.

३. आयडल सरळ करा

या टप्प्याला लोक हसतात. पण तीन सिलिंडरवर लंगडणारं इंजिन टायमिंग चेनही वाजवतं, क्लच प्लेटही वाजवतं आणि माउंटिंगवर उड्या मारून सायलेन्सरही कुठेतरी आपटवतं. प्लग, पॉइंट, कार्बोरेटर नीट करून आयडल स्थिर करा. निम्म्या खडखडी इथे कमी होतात.

४. बाहेरच्या वस्तू वगळा

इंजिन बंद. फॅन बेल्ट काढा. आता इंजिन चालू करून फक्त अर्धा ते एक मिनिट ऐका, कारण बेल्टशिवाय पाण्याचा पंप आणि पंखा फिरत नाही. चार्जिंगचा दिवा पेटेल, घाबरू नका.

आवाज गेला? मग तो डायनॅमो, वॉटर पंप, पंखा किंवा बेल्ट यांच्यापैकी एकाचा. इंजिन बंद करून एकेक हाताने फिरवा, मागेपुढे हलवा. पंपाचा शाफ्ट हलत असेल, पुलीला खेळ असेल, पंख्याच्या पात्याला रिव्हेटपाशी तडा असेल तर हाताला कळतं. तडा गेलेला पंखा म्हणजे गाडी तिथेच उभी. तुटलेलं पातं रेडिएटरच काय, बॉनेटही फाडतं.

बेल्ट परत लावण्याआधी क्रँकची पुलीही हाताने हलवून बघा. तिचा बोल्ट ढिला असेल तर ठोका हुबेहूब बेअरिंगसारखा येतो, आणि तोही क्रँकच्याच गतीने. भल्याभल्यांना फसवणारा आवाज आहे हा.

बेल्ट काढूनही आवाज तसाच असेल तर टॉर्च घेऊन खाली वाका: इंजिन माउंटिंगची रबरं, सायलेन्सरच्या पाइपचे हँगर, एअर क्लीनरचा डबा, बॅटरीची पट्टी, सैल स्प्लॅश गार्ड. कंटाळवाणं काम आहे. तरी करा.

५. आवाजाची जागा शोधा

स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानामागच्या हाडावर. पंख्याच्या बाजूने हात घालू नका.

इथे सगळ्यात जास्त फसगत होते ती पत्र्यामुळे. रॉकरचं झाकण आणि टायमिंगचं झाकण दोन्ही पत्र्याची, डब्यासारखी वाजणारी. कुठलाही आवाज तिथे मोठाच ऐकू येतो. म्हणून टोक पत्र्यावर न ठेवता बिडाच्या ओतीव भागावर किंवा हेडच्या नटांवर ठेवा. हेडच्या चारही सिलिंडरांजवळ, ब्लॉकच्या बाजूला वर आणि खाली, पुढे टायमिंगपाशी, मागे बेलहाउसिंगपाशी. प्रत्येक जागेला वहीत एक ते पाच मार्क द्या. दोनदा करा. दोन्ही वेळा मार्क जुळले तरच पुढे जा.

टायमिंग लाइट असेल तर आणखी एक हुकमी चाचणी आहे. ती एक नंबरच्या प्लगच्या वायरला लावा. क्रँकच्या दोन फेऱ्यांत ती एकदा चमकते. कॅमही क्रँकच्या निम्म्याच गतीने फिरतो. त्यामुळे चमकेगणिक एक ठोका पडत असेल तर व्हॉल्व्ह, कॅम, पेट्रोल पंप किंवा पिस्टनचा आवाज. चमकेगणिक दोन ठोके पडत असतील तर क्रँकच्या गतीचा आवाज: मोठी बेअरिंगं, फ्लायव्हील, क्रँकची पुली. कान कितीही तयार असला तरी ८०० आरपीएमला सेकंदाला सहा-सात ठोके आहेत की तेरा, हे नुसतं ऐकून सांगणं कठीण. डोळा आणि कान एकत्र लावले की सोपं.

पुढच्या बाजूला, टायमिंगच्या झाकणाआड साखळी ओढल्यासारखी खळखळ येत असेल, आयडलला जास्त आणि रेस सोडताना झटक्याने येत असेल, तर टायमिंग चेन. तातडीचं नाही, पण लांबच्या प्रवासाला निघू नका.

६. वरची टिकटिक: तीन आरोपी

वरच्या भागात हलकी, नियमित टिकटिक आली की सगळे टॅपिटवर धावतात. थांबा. आधी बाकीचे दोन बघा.

*एक्झॉस्ट लीक.* मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून निसटणारा वायू हुबेहूब टॅपिटसारखा टिकटिकतो. थंड असताना जास्त, गरम होऊन लोखंड फुगलं की कमी. रबरी नळीचं एक टोक कानाजवळ धरून दुसरं टोक गॅस्केटच्या कडेने फिरवा. तापलेल्या बिडाला रबर चिकटू देऊ नका. गळतीच्या जागी बहुतेक वेळा काळी काजळी दिसते. ओलं जाड फडकं धरून सायलेन्सरचं तोंड क्षणभर दाबलं तर गळतीचा आवाज वाढतो, टॅपिटचा वाढत नाही.

सावधान: गळती शोधायला मॅनिफोल्डवर पेट्रोल किंवा स्प्रे मारणारे महाभाग आहेत. खाली तापलेला एक्झॉस्ट असतो.

*पेट्रोल पंप.* मेकॅनिकल पंपाची तरफ कॅमवरच चालते, म्हणून टिकटिकही त्याच गतीने. स्क्रू ड्रायव्हर पंपाच्या अंगावर ठेवा. तिथे पाच मार्क आणि हेडवर दोन, तर टॅपिट निर्दोष.

*टॅपिट.* दोघांना वगळल्यावरच झाकण काढा. या इंजिनाला सर्वसाधारणपणे १५ थाउ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे ०.३८ मिमी गॅप ठेवतात. गॅप इंजिन थंड असताना लावायचा की गरम असताना, हे आपल्या मॅन्युअलात बघून एकदाच ठरवा आणि आठही व्हॉल्व्हना तेच पाळा. अर्धे थंड, अर्धे गरम ही भेसळ फार होते.

क्रम असा. इग्निशन बंद, चारही प्लग काढलेले, म्हणजे हँडल हलकं फिरतं. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. रेडिएटरकडून व्हॉल्व्ह मोजा, १ ते ८. आता नवाची बेरीज: आठवा पूर्ण दाबला गेला की पहिला लावायचा, सहावा दाबला की तिसरा, पाचवा दाबला की चौथा, असं बेरीज नऊ होईल तसं. फिलर गेज हलक्या अडकावाने सरकलं पाहिजे. लॉकनट आवळल्यावर पुन्हा मोजा, कारण आवळताना स्क्रू थोडा फिरतोच.

गॅप बरोबर असूनही एखादा टिकटिकत असेल तर रॉकरच्या टोकाला नख लावून बघा. तिथे खड्डा पडलेला असतो, फिलर गेजची सपाट पट्टी खड्ड्यावर पुलासारखी बसते, आणि पट्टी १५ दाखवते तेव्हा खरी फट त्याहून मोठी असते. अशा रॉकरला "अजून थोडा आवळ" हा उपाय म्हणजे व्हॉल्व्ह जाळण्याची तयारी. गरम झाल्यावर फट संपते, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळते. थोडा वाजणारा टॅपिट गप्प टॅपिटपेक्षा बरा, हे जुन्या मेस्त्र्यांकडून ऐकलं असेल. ते खरं आहे.

तपासणी: झाकण बसवण्याआधी मिनिटभर आयडलवर चालवून रॉकर शाफ्टवर सगळीकडे तेल पोचतंय का बघा. एखादा कोरडा दिसला तर गॅपचा विषय बाजूला ठेवा, शाफ्टची भोकं तुंबली आहेत.

७. खालचे ठोके: एकेक सिलिंडर बंद करून

इथवर आवाज सापडला नसेल आणि तो ब्लॉकमध्ये, खालच्या बाजूला असेल, तर ही चाचणी. इंजिन गरम, आयडल स्थिर, आसपास पेट्रोलची गळती नाही याची खात्री. इंजिन बंद करून एका सिलिंडरची वायर काढा, ती जुन्या प्लगला लावा आणि तो प्लग इंजिनाच्या धातूला पक्का टेकवून बांधा. मग चालू करा. वायर हवेत लोंबकळत ठेवू नका, कॉइल आणि रोटर दोघांवर ताण येतो. चालू इंजिनावर हाताने वायरी उपटणं तर मुळीच नको.

ऐका, थोडी रेस द्या, सोडा, पुन्हा ऐका. बंद करा, पुढचा सिलिंडर.

एखादा सिलिंडर बंद केल्यावर ठोका स्पष्ट कमी झाला, तर दोष त्याच सिलिंडरच्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा किंवा पिस्टनचा. दोघांत फरक असा: पिस्टनचा आवाज पोकळ, थंड असताना जोरात आणि पाच-दहा मिनिटांत बराच कमी होतो. त्याच्यासोबत वर्षानुवर्षं गाडी चालते, तेल खात नसेल तर हात लावू नका. रॉडचा ठोका उलट गरम झाल्यावर, तेल पातळ झाल्यावर वाढतो, आणि मध्यम रेसवर पाय किंचित सोडल्यावर हमखास ऐकू येतो.

गजन पिनचा (पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या पिनचा) आवाज टोकदार, आयडलला जुळ्या ठोक्यासारखा: टक-टक, टक-टक. सिलिंडर बंद केल्यावर तो नाहीसा होण्याऐवजी बरेचदा बदलतो, कधी जास्तच स्पष्ट होतो.

कोणताही एक सिलिंडर बंद केला तरी फारसा फरक नाही, आवाज जड, पायाखाली जाणवणारा, लोड घेताना वाढणारा: मेन बेअरिंग. पण थांबा, फ्लायव्हीलचे बोल्ट ढिले असले तरी असाच आवाज येतो. बेलहाउसिंगवर ठेवलेल्या स्क्रू ड्रायव्हरला पाच मार्क मिळाले असतील तर आधी गिअरबॉक्स उतरवून फ्लायव्हील बघा, मग क्रँक.

चढावरची किणकिण या सगळ्यापासून वेगळी ठेवा. चौथ्या गिअरमध्ये जुना कात्रज घाट चढताना पाय दाबला की येते, सोडला की जाते, आणि उभ्या गाडीत येत नाही. ती टॅपिटची नाही आणि बेअरिंगचीही नाही. इग्निशन टायमिंग पुढे आहे, इंजिन तापतंय, किंवा हेडमध्ये कार्बन साचलाय. डिस्ट्रिब्युटर थोडा मागे घ्या, एका वेळी अगदी थोडा, आणि त्याच चढावर पुन्हा चालवा. फार मागे घेतला तर किणकिण जाते पण इंजिन मरगळतं आणि तापतं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे मिश्रण पातळ पडतं, तेव्हा कार्बोरेटर थोडा श्रीमंत (मिश्रणात पेट्रोल जास्त) करावा लागतो का तेही बघा.

८. थांबायचं कधी, आणि उघडायचं कसं

गरम इंजिनावर ऑइल प्रेशर पडलेलं आणि सोबत रॉडचा किंवा मेनचा ठोका: गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करा. "हळूहळू नेतो" म्हणत नेलेल्या गाडीत जे शेल (बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या) बदलून भागलं असतं तिथे क्रँक ग्राइंड करायची वेळ येते, आणि कधी रॉड ब्लॉक फोडून बाहेर डोकावतो.

आधी फक्त तेल काढा. पांढऱ्या सुती कापडातून गाळा आणि उन्हात बघा. राखाडी चमचम म्हणजे शेलचा वरचा मऊ थर, तांबूस चमचम म्हणजे तो थर जाऊन आतला थर उघडा पडलाय. लोहचुंबक फिरवा. चिकटणारा कीस बेअरिंगचा नसून कॅम, टॅपिट किंवा रिंगचा. कापड कोरं निघालं तर चेंबर उघडण्याची घाई करू नका, टप्पा ४ पासून पुन्हा एकदा या.

चेंबर उघडलंच तर ज्या सिलिंडरवर संशय आहे त्याचीच रॉड कॅप आधी काढा. कॅप आणि रॉडवर नंबर असतात. नसतील तर काढण्याआधी खुणा करा, कारण त्या अदलाबदल करून चालत नाहीत. शेल गेलेला दिसला तरी तिथेच नवीन शेल दाबून बसवू नका. क्रँकचा जर्नल (बेअरिंग बसतं तो गोल भाग) मायक्रोमीटरने दोन दिशांनी मोजा. तो लंबगोल झाला असेल तर नवीन शेलही थोड्याच दिवसांत वाजतो. पहिल्या टप्प्यात क्लचचा संशय लिहिला असेल तर क्रँक मागेपुढे ढकलून मोकळीकही आत्ताच मोजून घ्या. आणि ऑइल पंप, त्याची जाळी काढून बघितल्याशिवाय चेंबर परत चढवू देऊ नका, मेस्त्री कितीही घाईत असला तरी.